पालथ्या पुंगळ्या

खुटवड काकांशी माझी ओळख झाली ती भांडणानेच. दोहाच्या बाहेर, शहर संपून नुसती धूळ आणि विजेचे खांब सुरू होतात तिथे, एका वयस्कर कतारी गृहस्थांची खासगी शूटिंग रेंज आहे. तिथे मी सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले, त्याच्या तिसऱ्या दिवशी क्लिपबोर्ड घेऊन शस्त्रखोलीमागच्या वर्कशॉपमध्ये शिरले. टेबलाला बोल्टांनी जखडलेलं एक काळं बिडाचं यंत्र होतं आणि त्याच्यासमोर स्टुलावर ताठ बसलेला एक सडपातळ माणूस. मी इंग्रजीत विचारलं, हिंदीत विचारलं, पण मान काही वर झाली नाही. हात मात्र चालू होते. दहा मिनिटं मी तशीच उभी. मी नाशिकची आहे आणि कुणी ताटकळत ठेवलेलं मला खपत नाही. शेवटी मी स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाले, "काय माणूस आहे!"

त्यांनी हातातलं काडतूस ट्रेमध्ये ठेवलं, यंत्राचा दांडा वर केला आणि म्हणाले, "माणूस भोर तालुक्यातला हाय. दारू भरताना बोलत न्हाय. आता विचारा, ताई."

मी ओशाळले, पण फॉर्म भरायचाच होता. यंत्राचं नाव, बनावट, वय आणि शेवटचा रकाना एक्सपायरीचा. बनावटीची पाटी केव्हाच झिजून सपाट झाली होती. वय विचारलं तर म्हणाले, "माझ्या आज्याच्या वयाची आसंल." एक्सपायरी विचारली तर त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "ताई, त्या रकान्यात माझी लिहा. हिला न्हाय ती."

हे यंत्र म्हणजे काडतुसं पुन्हा भरायचा प्रेस. काका त्याला 'म्हातारी' म्हणत. मालकांकडे त्यांच्या आजोबांच्या काळातल्या रायफली होत्या आणि त्यांची काडतुसं आता जगात कुठेच तयार होत नाहीत. त्यामुळे गोळी झाडून झाल्यावर जी पितळी पुंगळी उरते, तीच जपून गोळा करायची, साच्यात घालून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची आणि वर नवी गोळी चढवायची. दर गुरुवारी मालक आणि त्यांचे दोन तितकेच म्हातारे मित्र येत, शंभरेक गोळ्या झाडत, खजूर-कहवा घेत आणि जात. त्या शंभर गोळ्यांसाठी काका आठवडाभर म्हातारीपुढे बसत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात काढली होती.

त्यांची एक सवय मला आधी वेडेपणा वाटली. रिकामी पुंगळी ते नेहमी पालथी ठेवत, तोंड खाली. दारू पडली की मगच सुलटी. मध्ये कुणी हाक मारली, लाईट गेली, काहीही झालं तरी ट्रेकडे नुसतं बघून कळायचं की कुठल्या पोटात दारू आहे आणि कुठलं पोट रिकामं आहे. "ध्यानात ठेवायचं न्हाय, ताई," ते म्हणत. "ध्यान दगा देतं. हातानं ठेवायचं."

ही सवय वर्कशॉपपुरती राहिली नव्हती. अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत चौघांत एक खोली होती त्यांची. गुरुवारी मी त्यांना घरी सोडायची, एकदा चहाला वर गेले. मी चहा संपवून कप बशीत ठेवला मात्र, काकांनी तो उचलून पालथा घातला. खोलीतल्या एकाने हसून सांगितलं, "मॅडम, इथे डब्यात साखर नसेल तर डबापण पालथा असतो. उद्या आम्ही उपाशी झोपलो तर काका आम्हालाही पालथं झोपवतील." काका हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. पण त्या दिवसापासून आमच्या अल हिलालच्या घरात मी रिकामी बरणी पालथी ठेवू लागले आणि नवऱ्याची बोलणी खाऊ लागले.

माझी मुलगी एकदा सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने काकांना विचारलं की हे यंत्र कुणी शोधलं. काका खुलले. मी त्यांना इतकं बोलताना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

"आधी यंत्र नव्हतंच, बाळा. शिकारी माणूस रानात हिंडायचा, त्याच्या खिशात एक चिमटा आसायचा. आपला अडकित्ता असतो ना, तसा. शेकोटीपाशी बसून एकेक पुंगळी दाबायची आन् भरायची. मग कुणाला तरी वाटलं, हा अडकित्ता टेबलाला ठोकला तर जोर जास्ती येईल. मग त्याला दांडा आला. आधी त्याचं बिडाचं आंग ओतायचे ते एका बाजूनं उघडं, कोयत्यावानी. लई जोर पडला की ते जरा फाकायचं. मग पुरं गोल ओतायला लागले. ही म्हातारी त्या गोलातली. कितीबी दाबा, फाकत न्हाय."

"लाइक अ नटक्रॅकर?" मुलगी म्हणाली. अडकित्ता तिने जन्मात पाहिला नव्हता.

"नट न्हाय, सुपारी," काका गंभीरपणे म्हणाले, आणि पुढच्या सुट्टीहून येताना त्यांनी तिच्यासाठी भोरच्या बाजारातून खरोखरचा अडकित्ता आणला. तो अजून तिच्या टेबलावर आहे. ती त्याने पिस्ते फोडते.

म्हातारीची एकच वस्तू त्यांनी अकरा वर्षांत बदलली होती, दांड्याच्या टोकाची मूठ. मूळची लाकडी मूठ झिजून चिरली, तेव्हा त्यांनी गावाकडून बाभळीचा तुकडा आणून स्वतः घासून बसवली. बाकी बीड तेच, खिळा तोच. मधे मॅनेजरसाहेबांनी एक नवं ऑटोमॅटिक यंत्र मागवलं होतं, बटण दाबलं की तासाला शेकड्यांनी भरणारं. आठ महिन्यांत त्याचं प्लॅस्टिकचं चाक तुटलं आणि सुटा भाग यायला तीन महिने लागतील असं कळलं. मला वाटलं, आता काका दोन शब्द ऐकवणार. त्यांनी त्या यंत्रावर स्वच्छ चादर घातली आणि म्हणाले, "लेकरू हाय. आजारी पडायचंच."

मॅनेजर थॉमस भला माणूस. त्याला काकांचा आदर होता आणि भीतीही होती.

आता मिस कॉलचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. रोज सकाळी बरोबर दहा वाजता काका हातातली पुंगळी संपवून थांबत. तेव्हा भारतात साडेबारा झालेले असत. टेबलाच्या खणातला त्यांचा फोन एकदाच वाजे आणि बंद होई. काका खण उघडतसुद्धा नसत. "वाजला. सगळं जिथल्या तिथं," म्हणत आणि चहाला उठत. गावाहून काकूंनी जेवायला बसण्याआधी दिलेला तो मिस कॉल. ते पहिल्यांदा परदेशी आले तेव्हा बोलणं परवडायचं नाही म्हणून ही खूण ठरली होती. आता फुकट बोलता येतं, तोंडं दिसतात, तरी खूण तीच राहिली. काकूंच्या बटणांच्या फोनवर दोनचं बटण दाबून धरलं की काकांना लागायचा. शुक्रवारी काका स्वतः फोन करत. काकू विचारत, "जेवलात का?" काका म्हणत, "जेवलो." एवढ्यावर आठवडा निघे.

मी एकदा म्हटलं, "काका, आता घरी जा की. मुलगा कमावतोय."

"पुढच्या दिवाळीला," काका म्हणाले. ही पुढची दिवाळी मी तीन वर्षं ऐकत होते.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दहा वाजले आणि फोन वाजला नाही. मी हे नंतर त्यांच्याकडून ऐकलं. काका पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. मालक अकराला येणार होते आणि वीस-बावीस काडतुसं भरायची राहिली होती. ते पुन्हा म्हातारीपुढे बसले. हात चालू होते, कान खणाकडे होते. काम संपलं, डबा शस्त्रखोलीतून बाहेर गेला, आणि मग ट्रे पुसताना त्यांच्या लक्षात आलं की शेवटची रांग पालथी घातल्याचं त्यांना आठवत नाही. सगळ्या पुंगळ्या पहिल्यापासून सुलट्याच होत्या का? कुठल्या पोटात काय पडलं?

मी रेंजच्या दाराशी होते. काकांना मी कधी घाईने चालतानाही पाहिलं नव्हतं. ते पळत येत होते, चप्पल एका पायात, आणि 'बस्स, थांबा' अशा अर्थाने अरबी-हिंदीत ओरडत होते, "खलास! खलास! रोको!" म्हाताऱ्या मालकांनी रायफल खांद्याला लावली होती. काकांनी जाऊन त्यांच्यासमोरचा डबाच छातीशी धरला. मालक घाबरले, मग चिडले, मग काकांचं तोंड बघून त्यांनी रायफल खाली ठेवली.

आम्ही ती शंभरच्या शंभर काडतुसं फोडून पाहिली. एकात दारू नव्हती. नुसती टोपी आणि गोळी. ते झाडलं असतं तर गोळी नळीतच अडकली असती, आणि मालकांनी मागोमाग दुसरं झाडलं असतं तर नळी त्यांच्या तोंडाशी फुटली असती.

काका काही बोलले नसते तर कदाचित काहीच झालं नसतं आणि चूक कुणाला कळलीही नसती, असं मी मनात म्हणते आणि मग मला लाज वाटते.

दुपारी काकांना गावाहून मुलाचा फोन आला. काकू दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या आणि परतीची वाट त्यांना सापडली नव्हती. तीस वर्षांची वाट. कुणीतरी त्यांना नदीच्या बाजूला डोक्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या पाहिलं आणि घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणाचा आजार आहे, सुरुवात आहे, लवकर माणसांत ठेवा, ओळखीच्या माणसांत. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि म्हातारीचा दांडा उगाच वर-खाली करत होते.

"मला जायला पायजे, ताई," ते म्हणाले. "तिला मी ध्यानात हाय तवर."

थॉमसने त्याच संध्याकाळी मला बोलावून सोपा मार्ग काढून दिला. रिपोर्टमध्ये कारण लिहायचं, यंत्र जुनं, त्यात बिघाड. मग प्रकरण बंद, यंत्र भंगारात, आणि काका आठवड्याच्या आत रजेवर घरी. पण माणसाची चूक असं लिहिलं तर चौकशी बसणार. शस्त्रखोलीची जबाबदारी काकांच्या नावावर होती. चौकशी पूर्ण होऊन मालकांच्या सहीने ती दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत काकांना देश सोडता आला नसता.

मी तो रिपोर्ट लिहिला. चांगला लिहिला. 'धातूची झीज', 'कालबाह्य रचना' असे शब्द घातले. काकांपुढे सहीसाठी ठेवला आणि मराठीत समजावून सांगितला.

त्यांनी पेन घेतलं नाही. "हे खोटं हाय."

"काका, लोखंडाला काय कळतंय? त्याला काय वाईट वाटणार आहे?"

"तिला न्हाय वाटणार. मला वाटंल." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "ताई, अकरा वर्षं हिनं येकदा दगा दिला न्हाय. शंभर वर्षं कुणाकुणाच्या हाताखाली राहिली असंल, कुणालाच दिला नसंल. आन् त्या दिशी माझी बायको वाट चुकली, म्या रांग चुकलो, आन् आळ हिच्यावर? नका लिहू असं. माणूस चुकला असं लिहा."

"मग लवकर जाता येणार नाही."

"किती दिस लागत्यात?"

"पंधरा दिवस. महिना." मला खरंच तसं वाटलं होतं.

"रोज मिस कॉल येतोय ना," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा दहाच्या ठोक्याला येऊ लागला होता. "येतोय तवर काळजी न्हाय."

मी माणूस चुकला असं लिहिलं. खरं लिहिलं, आणि त्याचं मला आजतागायत समाधान नाही. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं, पहिल्या दिवशी भांडले होते त्याहून मोठ्याने. मी गप्प बसले, कारण मला ते मोठे वाटले. मोठेपणाचं कौतुक करायला माझं काय जात होतं?

चौकशी जूनमध्ये सुरू झाली आणि मालक उपचारासाठी परदेशी गेले. उन्हाळाभर ते तिकडेच. सही अडली. मी थॉमसला विचारायचे, थॉमस मालकांच्या ऑफिसला विचारायचा, उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." काकांना म्हातारीला हात लावायची मनाई होती. ते वर्कशॉपच्या दाराबाहेर खुर्चीवर बसत. बाहेर तापलेली धूळ, आत एसी. दहा वाजता खिशात फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. "वाजला. सगळं जिथल्या तिथं." जुलैमध्ये शुक्रवारच्या फोनवर काकूंनी नेहमीसारखंच विचारलं, "जेवलात का?" काका मला म्हणाले, "आवाज चांगला हाय. काय झालेलं न्हाय तिला." मुलगा सांगत होता, आई मला कधीकधी भाऊ म्हणते. काका म्हणत, पोराला कळत नाही, त्याचं तोंड आहेच मामासारखं.

सही सप्टेंबरच्या शेवटी झाली. मालकांनी काकांना भेटायला बोलावलं, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "तुम हमको बचाया." काकांनी अरबीत आभार मानले, "शुक्रान." विमानतळावर मीच सोडलं त्यांना. सामान एक बॅग. निघताना त्यांनी विचारलं, "म्हातारीला तेल घालाल ना? जास्ती न्हाय. बोटाला लागंल येवढंच."

मी घालते म्हणाले. घालायची वेळच आली नाही. महिन्याभरात मालकांच्या मुलाने रायफली भिंतीवर लावल्या आणि गुरुवार बंद झाले. म्हातारीला घासून चंदेरी रंग दिला आणि रिसेप्शनमध्ये काचेच्या टेबलावर मांडली. लहान मुलांची बोटं सापडू नयेत म्हणून दांडा वेल्डिंग करून कायमचा बसवून टाकला. सूचना माझ्याच खात्यातून गेली होती, सेफ्टीतून. तिला अजून शंभर वर्षं काही होणार नाही.

डिसेंबरात मी नाशिकला आले तेव्हा एक दिवस काढून भोरजवळच्या त्यांच्या गावी गेले. काका ओसरीवर होते. अंगाने निम्मे झालेले. फळीवर तीन छोट्या वाट्या ओळीने ठेवलेल्या होत्या, दोन पालथ्या, एक सुलटी. काकूंची औषधं. सुलटीत गोळी होती. "दिली का न दिली, आता माझंबी ध्यान ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. काकू कोपऱ्यात पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. गोऱ्या, नीटनेटक्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. माझ्याकडे बघून छान हसल्या.

"म्हातारी बरी हाय का?" काकांनी मला विचारलं.

"चालू आहे, काका," मी म्हणाले. "कुरकुरसुद्धा करत नाही."

"करायची न्हायच," ते म्हणाले, आणि मला वाटतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं असावं.

काका पाणी आणायला आत गेले तशा काकू माझ्याजवळ सरकल्या. "हे बाबा लई चांगले हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "सैपाक करत्यात, वेणी घालत्यात. कुठले हायेत काय की. आमचे घरधनी आले की सांगणार हाय त्यांस्नी, ह्या बाबांस्नी काय तरी द्या म्हणून."

"घरधनी कुठे असतात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कतारला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा झाले होते. सूप बाजूला ठेवून त्यांनी कमरेचा बटणांचा फोन काढला आणि दोनचं बटण दाबून धरलं.

काका तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. काकांचा इकडचा नंबर मुलाने त्याच बटणावर घालून दिला होता. एकदा वाजला, आणि काकूंनी कट केला.

"झालं," काकू समाधानाने म्हणाल्या. "आता जेवायला हरकत न्हाय."

काकांनी फोन बाहेर काढला नाही. तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजला. सगळं जिथल्या तिथं." मग ते काकूंचं ताट वाढायला बसले.